डीटी-८३०डी मल्टीमीटर: मदरबोर्डच्या एलईडी पिना मोजायला

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून हा पिवळा मीटर २२० रुपयांना आणला, त्याला आता दीड वर्ष झालं. निमित्त झालं भाच्याच्या कॉम्प्युटरचं. त्याने स्वस्तातले आरजीबी, म्हणजे रंगीत दिव्यांचे, फॅन मागवले होते. त्यांच्या कनेक्टरचं तिसरं भोक बुजवलेलं नव्हतं, त्यामुळे ५ व्होल्टचे फॅन मदरबोर्डवरच्या १२ व्होल्टच्या चार पिनांवर बिनबोभाट बसले. "मावशी, वास येतोय," असं तो म्हणेपर्यंत दिवे गेलेही होते. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी काही जोडत नाही.

नॉब डीसी व्होल्टच्या २० वर ठेवला की दोन दशांशांपर्यंत आकडा येतो. ५ व्होल्टच्या तीन पिनांच्या हेडरवर (बोर्डावरच्या पिनांच्या गटावर) ५.०४, चार पिनांच्या हेडरवर १२.१०. पॉवर सप्लायला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६. एवढं बघायला महागाचा मीटर लागत नाही.

खरा घोळ होतो कॅबिनेटच्या पुढच्या पॉवर एलईडीपाशी. मोकळ्या पिनांवर मला ४.९७ दिसले आणि ३ व्होल्टचा निळा दिवा आता जळणार असं वाटलं. पण बोर्डावर त्या वाटेत करंट आवरणारा रेझिस्टर बसवलेला असतो. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. दिवा जोडून पुन्हा मोजलं तर २.९८. उरलेले दोन व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. तेव्हा दिवा लावूनच मोजा.

चार पिनांच्या हेडरला जोडलेल्या एलईडी पट्टीचा उजेड अर्ध्यावर आणला की १२ व्होल्टची पिन आणि लाल रंगाचे दिवे चालवणारी पिन यांच्यात ६ च्या आसपास दिसतं. तिथे वीज भराभर चालू-बंद होत असते, मीटर सरासरी सांगतो. बोर्डात बिघाड नाही.

तक्रार एकच, पण मोठी: प्रोबची, म्हणजे मीटरच्या वायरींना असलेल्या सळ्यांची, टोकं जाड आहेत. पिनांमध्ये अंतर २.५४ मिलिमीटर, हात घसरला की शॉर्ट. मी पिनेवर मादी (टोकाला भोक असलेली) जंपर वायर चढवते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला लाल प्रोब लावते. काळा प्रोब पॉवर सप्लायच्या मोकळ्या मोलेक्समधल्या (चार वायरींच्या कनेक्टरमधल्या) काळ्या वायरीत खोचून ठेवते, म्हणजे एकच हात सांभाळायचा. आणि लाल वायर १० अँपियरच्या भोकात राहिली नाही ना, हे दर वेळी बघा. त्या भोकाला फ्यूज नाही.

आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे फुगतात. गेल्या महिन्यात १२ च्या जागी १३.४ दिसले, म्हणून एका गिऱ्हाइकाचा पॉवर सप्लाय मी काढून बाजूला ठेवला होता. नवी बॅटरी घातली, तोच सप्लाय १२.०८.