विलीनीकरणानंतरचे ईमेल स्थलांतर आणि ‘आयमॅपसिंक’

दोन कंपन्या एक झाल्या की कर्मचाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याचे जबाबदारीचे काम आमच्यासारख्यांकडे येते, आणि त्यासाठी मी ‘आयमॅपसिंक’ हेच साधन मनापासून सुचवेन. हे पर्ल भाषेत लिहिलेले, कमांड लाइनवरून चालणारे साधन असून, ते प्रत्येक संदेश त्याच्या शीर्षभागातील मेसेज-आयडी (संदेशाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) आणि रिसीव्ह्ड (तो कोणत्या सर्व्हरांमधून आला याची नोंद) या ओळींवरून ओळखते. त्यामुळे काम मध्येच तुटले तरी पुन्हा सुरू केल्यावर आधी पोहोचलेली पत्रे दुसऱ्यांदा उतरत नाहीत. म्हणूनच मोठा साठा आठवडाभर आधी हलवून ठेवता येतो आणि एमएक्स नोंद (येणारी पत्रे कोणत्या सर्व्हरवर जावीत हे सांगणारी डोमेनची नोंद) बदलल्यावर फक्त उरलेली नवी पत्रे न्यावी लागतात.

पाठवलेल्या पत्रांच्या फोल्डरकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. तिथल्या काही प्रतींना शीर्षभागातील या दोन्ही ओळी नसतात, म्हणून त्या मागे राहतात. ‘ॲडहेडर’ हा पर्याय दिल्यास त्यांना नवा मेसेज-आयडी मिळतो आणि त्याही पलीकडे जातात. फोल्डरांची नावे दोन्हीकडे वेगळी असतील, तर जुळणारे फोल्डर आपोआप शोधणारा ‘ऑटोमॅप’ उपयोगी पडतो, पण आधी ‘ड्राय’ (प्रत्यक्षात काहीही न हलवता करायची चाचणी) लावून कोणते फोल्डर कुठे जाणार हे डोळ्यांखालून घालावेच.

दिनदर्शिका आणि संपर्क यांची सोय वेगळी करावी लागते, कारण आयमॅप, म्हणजे हे साधन ज्यावर चालते तो सर्व्हरवरील पत्रे वाचण्या-ठेवण्याचा प्रोटोकॉल, फक्त पत्रेच हाताळतो. जीमेलकडे स्थलांतर असेल, तर आयमॅपवरून दिवसाला 500 एमबी चढवण्याची मर्यादा वेळापत्रकात पहिल्यापासूनच धरावी.