12 व्होल्टचा हवा भरायचा पंप : अकरा महिने वापरल्यावर

नवव्या महिन्यात गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा हा पंप एकदम बंद पडला. सर्व्हिस सेंटरने फोनवरच निकाल दिला, "मोटर गेली, पाठवून द्या, कुरिअरचा खर्च तुमचा." मोटर गेलेली नव्हती. गाडीतल्या सॉकेटमध्ये घालायच्या प्लगचं टोक फिरवून काढलं की आत काचेचा बारीक फ्यूज असतो, तो उडाला होता. इलेक्ट्रिकच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो. जुना सोबत न्यायचा आणि तेवढ्याच अँपिअरचा घ्यायचा. त्यामुळे पंप बंद पडला तर आधी त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. चार्जर चालला तर दोष पंपाकडे, नाही तर गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये. तिथे सॉकेटचा फ्यूज बहुधा 15 अँपिअरचा, निळा असतो. त्या जागी पिवळा, म्हणजे 20 चा, कधीच घालू नका. फ्यूज टिकेल, आतली वायर तापेल.

फ्यूज उडण्याचं कारण साधं आहे. टायरमध्ये 28-30 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असताना पंप मध्येच बंद करून, नळी तशीच ठेवून पुन्हा सुरू केला की मोटरला पहिल्या फेरीपासून दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो आणि करंट एकदम वाढतो. पुन्हा सुरू करायचाच असेल तर नोझल सोडवा, पंप चालू करा आणि मग नोझल लावा.

आता त्या नोझलबद्दल. पंपाची मोटर चांगली, दिवा चांगला, ठरवलेल्या आकड्याला आपोआप थांबणं चांगलं. पण नळीच्या टोकाचं हे पितळी, आटे असलेलं नोझल मात्र अजिबात विचार न करता बसवलंय. सहा-सात फेरे फिरवून लावायचं, तेवढेच फेरे फिरवून काढायचं. काढताना शेवटच्या फेऱ्यांपर्यंत आतला खिळा व्हॉल्व्हची पिन दाबून धरतो, म्हणून हवा सुसू करत जात राहते. शिवाय ते तापतं. हवा दाबली की गरम होते, आणि नळी जेमतेम दोन फुटांची असल्याने ती वाटेत थंड व्हायला जागाच नाही. चार-पाच मिनिटं पंप चालला की उघड्या बोटांनी नोझल धरवत नाही. फडकं हवंच. उष्णतेने आतला रबरी वॉशरही कडक होऊन चपटा होतो. सहाव्या महिन्यात आमचा वॉशर बदलावा लागला.

पहिले दोन महिने समज असा होता की नोझल काढताना दोन-अडीच पीएसआय जातात. म्हणून 33 हवे असताना 35 भरले जात होते. दाब मोजायचा वेगळा, साधा काट्याचा गेज आणून मोजल्यावर हा आरोप बराचसा मागे घ्यावा लागला. झटपट काढलं तर जेमतेम अर्धा ते एक पीएसआय जातो. तो सुसू आवाज बराचसा नळीत अडकलेल्या हवेचाच असतो. उरलेला फरक डिस्प्लेचा. पंप चालू असताना दिसतो तो नळीतला दाब, टायरमधला नाही, म्हणून आकडा जास्त दिसतो. पंप थांबला की तो दीड-दोनने खाली येतो, आणि तोच खरा. चालता आकडा 35 दिसेपर्यंत भरायचं, थांबवायचं, स्थिर आकडा बघायचा. आमच्या 165/80 आर14 मापाच्या टायरना ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे 33 लागतात. तुमच्या गाडीचा आकडा तिथेच वाचा. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नाही.

पंप घ्यावा की नाही, याचं खरं उत्तर थंड टायरमध्ये आहे. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण तिथे पोहोचेपर्यंत टायर तापतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी हवी. शिवाय दर पाच-सहा अंश तापमानाला साधारण एक पीएसआयचा फरक पडतो. डिसेंबरच्या पहाटे आणि त्याच दिवशी भर दुपारी मोजलं तर तीनपर्यंत अंतर दिसतं. घरी सकाळी निघण्याआधी मोजता येतं, आणि एवढ्यासाठीच पैसे वसूल झाले. महिन्याला एक-दोन पीएसआय चांगल्या टायरमधूनही जातात. चारांपैकी एकाच टायरमधून जास्त गेले तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. पिनभोवती बुडबुडा आला तर पिन-किल्लीने अगदी हलक्या हाताने पाव फेरा आवळा. तरीही येत राहिला तर पिन बदला, ती फार स्वस्त असते. स्टेपनी विसरू नका. तिच्यात तीन-चार जास्त ठेवा, कारण तिला कुणी महिनोन्महिने हात लावत नाही.

पंप लावताना इंजिन चालू ठेवा, पण बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये नाही, धूर साठतो. 25 वरून 33 ला एका टायरला तीनेक मिनिटं लागतात. दोन टायर झाले की दहा मिनिटं विश्रांती द्या.

आता कुणी घेणार असेल तर वॉट आणि कमाल दाबाचे मोठमोठे आकडे बाजूला ठेवून नळीची लांबी बघा आणि टोकाला खटका असलेलं नोझल आहे का ते बघा. आटेवालंच मिळालं तर त्याच मापाचे दोन रबरी वॉशर घेऊन पंपाच्या पिशवीत, फडक्याशेजारी ठेवून द्या.