निवृत्त वायुसैनिकांसाठीचा बी-टू परवान्याचा वर्ग: सहा महिने शिकल्यानंतरचे परीक्षण

वायुसेनेत इलेक्ट्रॉनिक्स फिटर म्हणून २० वर्षे काढून मी वयाच्या ३९व्या वर्षी सार्जंटच्या हुद्द्यावरून निवृत्त झालो, तेव्हा हाताशी डिस्चार्ज बुक होते, पेन्शन सुरू होणार होती आणि घरात आठवीतली मुलगी होती. पुढची २० वर्षे काय करायचे, याचे उत्तर मात्र नव्हते. एव्हिऑनिक्सच्या, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या, माणसाला बाहेर चांगली मागणी आहे, असे भेटेल तो सांगत होता, पण त्या मागणीपर्यंत पोहोचायचे कसे, हे सांगणारा कोणी भेटत नव्हता. शेवटी युनिटमधल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या सांगण्यावरून मी पुण्यात विश्रांतवाडीच्या बाजूला चालणाऱ्या एका खासगी वर्गात नाव घातले. सहा महिने, दर शनिवारी आणि रविवारी चार-चार तास, शुल्क ४५ हजार रुपये, तेही दोन हप्त्यांत. वर्गाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि कुणाचे नुकसान करावे असा हेतू नाही. असा कोणताही वर्ग निवडताना काय पारखून घ्यावे, एवढेच इतरांना कळावे.

हा वर्ग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, सीएआर-६६ नियमांखालील विमान देखभालीच्या बी-टू परवान्याच्या परीक्षांची तयारी करून घेतो. सांगाडा, इंजिन आणि विद्युत यंत्रणा हे बी-वन परवान्याचे क्षेत्र, तर दळणवळण, दिशादर्शन, स्वयंचलित उड्डाण, दर्शक उपकरणे आणि विद्युत यंत्रणा हे बी-टूचे. त्यामुळे आमच्या ट्रेडचा माणूस स्वाभाविकपणे बी-टूकडे वळतो. परीक्षा मॉड्यूलवार असतात आणि त्यांची नोंदणी डीजीसीएच्या ‘परीक्षा’ या संकेतस्थळावरून करावी लागते.

वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे मॉड्यूल ५, डिजिटल तंत्र आणि इलेक्ट्रॉनिक दर्शक यंत्रणा. शिकवणारे सर स्वतः वायुसेनेतून मास्टर वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले आणि नंतर परवानाधारक अभियंता म्हणून लाइनवर, म्हणजे विमानतळावर उभ्या विमानांच्या देखभालीवर, काम केलेले, त्यामुळे आम्हाला काय येते आणि आम्ही नेमके कुठे अडखळणार, हे त्यांना आधीच ठाऊक होते. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्याच्या डाव्या बाजूला १५५३ आणि उजव्या बाजूला ४२९ असे आकडे लिहिले. लढाऊ विमानांवर आम्ही ज्या मिल-स्टँडर्ड-१५५३बी डेटा बसवर, म्हणजे उपकरणांना जोडणाऱ्या माहितीच्या सामाईक तारेवर, वर्षानुवर्षे काम केले, तिथे एक बस कंट्रोलर असतो, त्याच्या हुकमाने ३१पर्यंत टर्मिनले बोलतात आणि एकाच जोडतारेवरून दोन्ही दिशांनी सेकंदाला १० लाख बिट इतक्या वेगाने माहिती वाहते. प्रवासी विमानांतल्या एरिंक-४२९ची रीत अगदी वेगळी: बोलणारा एक, ऐकणारे जास्तीत जास्त वीस, आणि माहिती एकाच दिशेने जाणारी. उत्तर हवे असेल तर परतीची स्वतंत्र तार ओढावी लागते.

त्यानंतर त्यांनी आमच्यापैकी एकाला फळ्याजवळ बोलावले आणि २०३ हे लेबल, म्हणजे पाठवलेली माहिती कशाची आहे हे सांगणारा क्रमांक, बिटांत मांडायला सांगितले. लेबल अष्टमान पद्धतीत, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरून, लिहिलेले असते, हे न जाणता त्याने नेहमीच्या दशमान पद्धतीने भागाकार सुरू केला. सरांनी खडू हातात घेऊन २, ०, ३ हे अंक वेगळे केले, प्रत्येकाखाली १०, ०००, ०११ असे लिहिले आणि म्हणाले, “ही विमानाची उंची आहे. आता हा ३२ बिटांचा शब्द अर्ध्यावर खराब झाला तर वैमानिकासमोरच्या पडद्यावर काय दिसेल, ते सांगा.” पुढचा पाऊण तास चूक पकडणारा पॅरिटीचा बिट, माहितीची स्थिती सांगणारे एसएसएमचे दोन बिट आणि ‘माहिती नाही’ व ‘चुकीची माहिती’ यांतला फरक यांवर गेला. सेवेत मी अशा तारा शेकडो वेळा तपासल्या असतील, कनेक्टरमधली वाकलेली पिन भिंगाखाली धरून सरळ केली असेल, पण तारेतून जाणारा शब्द असा उलगडून कुणी दाखवला नव्हता. एवढ्या एका दिवसासाठीही मी शुल्क भरले असते, असे मनापासून सांगतो.

तितकाच मोलाचा मॉड्यूल ९, मानवी घटक. आमच्यातले अनेक जण याला पाठांतराचा विषय समजून आले होते. सरांनी १९९० सालच्या जून महिन्यातला, बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाचा प्रसंग घेतला. उड्डाणाच्या थोडेच आधी रात्रपाळीत बदललेली वैमानिकासमोरची काच हवेत निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले म्हणून तो वाचला. काच बसवताना वापरलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट जरुरीपेक्षा किंचित बारीक होते, कारण अनुभवी पर्यवेक्षकाने पार्ट्सची यादी न पाहता जुन्या बोल्टाशी नवे बोल्ट नजरेने जुळवले होते. हे ऐकताना वर्ग शांत झाला, कारण नजरेने जुळवणे आम्हा सर्वांच्याच अंगवळणी पडलेले होते. सेवेत एफ-७०० या विमानाच्या देखभाल नोंदवहीवरची माझी सही ही एका साखळीतली कडी होती. माझ्या मागे पर्यवेक्षक होता, त्याच्या मागे अभियांत्रिकी अधिकारी. नागरी क्षेत्रात विमान सेवेत परत देण्याच्या प्रमाणपत्रावर परवानाधारकाची सही असते आणि त्या सहीची जबाबदारी त्याची स्वतःची असते. हा फरक मनावर ठसवण्यात वर्ग पूर्णपणे यशस्वी झाला.

विमान वाहतूक कायद्याचे मॉड्यूल १० मात्र निराशाजनक होते. हाती दिलेल्या नोट्स जुन्या होत्या, सुधारित तरतुदी त्यांत नव्हत्या, आणि शिकवणारी व्यक्ती पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्यापलीकडे जात नव्हती. हे मॉड्यूल मी शेवटी डीजीसीएच्या संकेतस्थळावरची मूळ नियमावली वाचून पूर्ण केले, आणि इतरांनीही तसेच करावे.

माझी खरी तक्रार याहून गंभीर आहे. प्रवेश घेताना आम्हाला ‘बी-टू मिळाला की नोकरी’ असे चित्र दाखवण्यात आले. प्रत्यक्षात एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या विमानावर सही करायची तर परवान्यावर त्या प्रकारच्या विमानाचे टाइप रेटिंग असावे लागते, त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष काम करावे लागते, त्याचा खर्च या वर्गाच्या शुल्काच्या कितीतरी पट असू शकतो, आणि त्यानंतरही आपल्या संस्थेचे अधिकारपत्र लागतेच. शिवाय लष्करी विमानांवरचा अनुभव नियमांत धरला जात असला, तरी त्याला नागरी विमानांवरच्या अनुभवाची जोड असल्याशिवाय परवाना मिळत नाही. या दोन्ही गोष्टी चौथ्या महिन्यात, एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला म्हणून, उघड झाल्या. आमच्यातल्या एकाने प्रॉव्हिडंट फंडातले पैसे घराच्या कर्जात घातले होते. ही माहिती त्याला आधी मिळाली असती तर त्याने तसे केले नसते, असे तो मला त्या दिवशी जिन्यात उभा राहून सांगत होता. निवृत्तीचे पैसे एकदाच मिळतात. त्यामुळे ही माहिती पहिल्या दिवशी, लेखी स्वरूपात दिली गेली पाहिजे.

ज्यांना विमानतळावर जायचेच नाही, त्यांच्यासाठी वर्गाने एकच रविवार राखून ठेवला होता, आणि तो अपुरा असला तरी वाया गेला नाही. उपकरणांचे कॅलिब्रेशन करणाऱ्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, मेट्रोची सिग्नल यंत्रणा, रुग्णालयांतल्या यंत्रांची देखभाल, सर्किट बोर्ड तयार करणारे कारखाने, अशा वाटांची ओळख त्या दिवशी झाली. त्याच दुपारी सरांनी माझा परिचयपत्राचा कागद घेऊन ‘रडार बे इन-चार्ज’ (रडार दुरुस्तीच्या कार्यशाळेचा प्रमुख) ही ओळ खोडली आणि विचारले, “हाताखाली माणसे किती होती? चाचणीची कोणती यंत्रे चालवत होतास? दोष सापडला की उपकरणाचा अख्खा डबा बदलायचास, की आतल्या सर्किट कार्डापर्यंत पोहोचायचास?” मी कार्डापर्यंत जात होतो, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेले नव्हते. जे विमानावर डबे बदलत होते त्यांची ओढ लाइनच्या कामाकडे असते, तर बेमध्ये बसून सर्किट उघडणाऱ्याला चाचणी आणि दुरुस्तीच्या कार्यशाळेत अधिक किंमत मिळते, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले. सेवेतल्या विमानाच्या यंत्रणांचे तपशील न उघड करता कौशल्य कसे मांडावे, हेही त्यांनी नीट समजावले. या विषयाला किमान चार रविवार द्यायला हवे होते.

बी-टू करायचे ज्यांचे पक्के ठरले आहे, ज्यांना पुढच्या खर्चाची आणि दोन-तीन वर्षांच्या चिकाटीची कल्पना आहे, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. मॉड्यूल ४ (इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे), ५ आणि ९ यांच्या अध्यापनाची बरोबरी घरी बसून होणार नाही. केवळ नोकरी मिळेल या आशेवर येणाऱ्यांना मी तो सुचवणार नाही. त्यांनी आधी पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे, निवृत्तीपूर्व अभ्यासक्रम पाहावेत. केंद्र सरकारच्या गट-क पदांत माजी सैनिकांना १० टक्के आरक्षण आहे, त्याचाही विचार करावा, आणि मगच खिशातले पैसे काढावेत.

ज्यांच्या निवृत्तीला अजून वर्ष-दोन वर्षे आहेत, त्यांना एक काम आजच करता येण्याजोगे आहे. आपण केलेल्या देखभालीच्या कामाचा कालावधी आणि स्वरूप यांची सक्षम अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याची नोंद युनिट सोडण्यापूर्वी मिळवून ठेवा. मी ते केले नाही. माझ्या ११ वर्षांच्या कामाचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी मी निवृत्तीनंतर जुन्या युनिटला तीन पत्रे पाठवली, दोनदा स्वतः प्रवास केला, आणि ते हाती पडेपर्यंत वर्गाचा पाचवा महिना संपला होता.