द्राक्षाच्या शेडवर आठ महिने एसक्यूलाइट

दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्ष शेडचं वजन, पावती आणि शेतकऱ्यांची हिशोबपट्टी गेल्या डिसेंबरपासून मी लिहिलेल्या प्रोग्रामवर चालते. डेटाबेस म्हणून आत एसक्यूलाइट आहे. काट्याजवळ एक जुना कॉम्प्युटर, ऑफिसात एक लॅपटॉप आणि मुकादमाच्या हातातला फोन, एवढाच पसारा. त्याआधी सगळं वहीवर होतं. पूर्ण सीझन काढल्यावर आणि शेवटची पट्टी चुकती झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, कारण पहिल्या आठवड्यात कुठलीही गोष्ट चांगलीच वाटते.

एसक्यूलाइट घेण्याचं कारण साधं होतं. सर्व्हर बसवायचा नाही, तो सांभाळायला माणूस नको, सगळा डेटा एका फाइलमध्ये. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते सुरू केलं आणि कोड सार्वजनिक मालकीचा ठेवला, त्यामुळे परवान्याचा प्रश्न नाही. आपल्या खिशातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासून चालूच असतं.

आधी जे उत्तम चाललं ते सांगतो. फेब्रुवारीत ऐन लोडिंगच्या वेळी वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी आदल्या रात्रीच उतरली होती, त्यामुळे काट्याचा कॉम्प्युटर वजन टाकता टाकता बंद पडला. वीज आल्यावर पहिली इंटिग्रिटी चेक (फाइल शाबूत आहे का याची तपासणी) चालवली, उत्तर आलं ओके. हातात छापलेली शेवटची पावती आणि फाइलमधली शेवटची नोंद जुळवली, तीही बरोबर. मी वॉल मोड (नवी नोंद आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) लावून सिंक्रोनस फुलवर, म्हणजे नोंद डिस्कवर उतरेपर्यंत थांबायचं असं, ठेवलं होतं आणि कमिट, म्हणजे नोंद पक्की, झाल्याशिवाय पावती छापायची नाही असा नियम प्रोग्राममध्ये घातला होता. पूर्ण सीझनमध्ये असं पाच-सहा वेळा झालं. कमिट झालेली एकही नोंद हरवली नाही. या एका गोष्टीसाठी मी एसक्यूलाइट पुन्हा घेईन.

त्रास झाला तो वेगळ्या जागी. एसक्यूलाइट नाही म्हणत नाही, चुकीची गोष्टही मुकाट्याने पोटात घेतं.

मार्चमध्ये मोहाडीकडचे एक काका ऑफिसात आले. त्यांनी सगळ्या पावत्या सुतळीत ओवून आणल्या होत्या. म्हणाले, "भाऊ, माझ्या बेरजेत आणि तुमच्या पट्टीत आठ क्विंटलचा फरक येतोय. एकदा बघून घ्या." पावत्या एकेक करून स्क्रीनशी लावल्या. प्रत्येक पावती डेटाबेसमध्ये होती, प्रत्येक वजन बरोबर दिसत होतं, तरी बेरीज कमी. मग टाइपऑफ (नोंद कुठल्या प्रकारात साठवली ते सांगणारा आदेश) लावून पाहिलं, तेव्हा दोन नोंदींपुढे इंटीजर म्हणजे पूर्णांक याऐवजी टेक्स्ट म्हणजे मजकूर आलं. मुकादमाचा फोन मराठी कळफलकावर होता आणि त्यानं वजन देवनागरी आकड्यांत टाकलं होतं: ४१८ आणि ३९०. कॉलम इंटीजर असूनही एसक्यूलाइटनं ते मजकूर म्हणून ठेवून घेतलं, आणि सम, म्हणजे बेरीज, करताना अशा मजकुराचं मोल शून्य धरलं. एररही नाही, सूचनाही नाही.

ही चूक अडीच महिने का झाकून राहिली, हे समजून घेण्यासारखं आहे. माझा फॉर्म सगळीच वजनं मजकूर म्हणून पाठवत होता, ही माझी चूक. पण इंग्रजी आकड्यांतला मजकूर आला की इंटीजर कॉलम तो स्वतःहून संख्येत बदलून घेतो. म्हणजे चूक रोजच होत होती आणि डेटाबेस रोज ती निस्तरत होता. देवनागरी आकडे मात्र त्याला संख्या म्हणून ओळखता येत नाहीत. ज्या दिवशी ते आले त्या दिवशी निस्तरणं थांबलं, पण तक्रार तरीही केली नाही. काकांचे पैसे त्याच दिवशी चुकते केले आणि सगळ्या खात्यांची तपासणी केली. आणखी तीन शेतकऱ्यांच्या नोंदी सापडल्या. वही असती तर ही चूक झालीच नसती, हे मला फार लागलं.

उपाय आहे. आवृत्ती ३.३७ पासून, म्हणजे २०२१ पासून, टेबल बनवताना शेवटी स्ट्रिक्ट लिहिता येतं. मग इंटीजर कॉलममध्ये असा मजकूर घुसत नाही, एरर येते. पण आधी बनवलेलं टेबल अल्टर करून, म्हणजे जागच्या जागी बदलून, स्ट्रिक्ट होत नाही. नवं टेबल बनवा, डेटा ओता, जुनं काढा, नाव बदला. अधिकृत दस्तऐवजात या कामाच्या बारा पायऱ्या दिल्या आहेत आणि त्या क्रमानेच कराव्यात. मी केल्या. मग ऑफिसच्या लॅपटॉपवर तीच फाइल उघडली तर सांगतंय, स्कीमा मालफॉर्म्ड, म्हणजे फाइलची रचनाच बिघडलेली. छातीत धस्स झालं. लॅपटॉपवर उबुंटू २०.०४ होतं आणि त्यातलं एसक्यूलाइट ३.३१, त्याला स्ट्रिक्ट हा शब्दच माहीत नव्हता. फाइल धडधाकट होती. तेव्हापासून प्रोग्राम सुरू होताना मी आवृत्ती तपासतो आणि जुनी असेल तर पुढे जातच नाही.

सर्वात जास्त जिवाला घोर लावणारा प्रकार म्हणजे "डेटाबेस इज लॉक्ड". सुरुवातीला मी फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून लॅपटॉपवरून थेट उघडत होतो. असं करू नका. वॉल मोडला सगळे प्रोग्राम एकाच मशीनवर असावे लागतात, कारण ते आपसात मेमरी वाटून घेतात. नेटवर्कवरच्या फाइलवर ते चालत नाही. आता काट्याच्या कॉम्प्युटरवर एकच छोटा प्रोग्राम फाइल सांभाळतो, फोन आणि लॅपटॉप त्याच्याकडे मागणी करतात.

तरीही लॉक येतच राहिलं, आणि तेही लगेच. मी बिझी टाइमआउट (लॉक सुटायची वाट बघण्याची मुदत) तीस सेकंद ठेवला होता, एरर मात्र क्षणात यायची. दोन रात्री यात गेल्या. कारण असं निघालं: माझा व्यवहार साध्या बिगिन या आदेशानं सुरू व्हायचा, आधी शेवटचा पावती नंबर वाचायचा आणि मग नवी पावती लिहायचा. या वाचण्या-लिहिण्याच्या मधल्या फटीत दुसऱ्या कनेक्शननं काही लिहून टाकलं की पहिल्यानं वाचलेलं चित्र शिळं होतं. शिळ्या चित्रावर लिहू देणं चूकच, आणि कितीही थांबलं तरी ते ताजं होणार नाही, म्हणून एसक्यूलाइट थांबतच नाही, सरळ नकार देतं. नकार योग्य आहे. पण तोच "लॉक्ड" शब्द दुसरं कोणी लिहीत असतानाही दिसतो आणि चित्र शिळं झाल्यावरही, त्यामुळे माणूस टाइमआउट वाढवत बसतो. लिहिणारा प्रत्येक व्यवहार बिगिन इमिजिएटनं, म्हणजे सुरुवातीलाच लिहिण्याचा हक्क घेऊन, सुरू केला आणि त्यानंतर ही तक्रार एकदाही आली नाही.

बॅकअपचा धडा लवकर मिळाला म्हणून वाचलो. रोज संध्याकाळी मुख्य फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करायचो. एकदा ती कॉपी घरी उघडली तर त्या दिवशीच्या पावत्याच नाहीत. वॉल मोडमध्ये नव्या नोंदी आधी शेजारच्या वॉल फाइलमध्ये जातात आणि साधारण हजार पानं भरली की मुख्य फाइलमध्ये उतरतात. एक पान ४०९६ बाइटचं, म्हणजे चार एमबीच्या आसपास. आमच्यासारख्या शेडची दिवसभराची नोंद त्यात आरामात मावते. आता व्हॅक्यूम इंटू वापरतो. चालू डेटाबेसची सबंध, नीटनेटकी प्रत एका आदेशात मिळते.

तारखेचंही सांगायला हवं, कारण लोडिंग पहाटे असतं. डेट नाऊ लिहिलं की वेळ जागतिक प्रमाणवेळेची मिळते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळातला सगळा माल आदल्या तारखेला पडत होता, आणि आमच्याकडे भाव रोज बदलतो. वेळ साठवायची प्रमाणवेळेतच, दाखवताना आणि दिवसाची बेरीज करताना ३३० मिनिटं मिळवायची, असं केलंय.

आता मराठीबद्दल. एसक्यूलाइट अक्षरांचा क्रम त्यांच्या युनिकोड क्रमांकावरून (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक) लावतं. त्यामुळे खातेदारांच्या यादीत काळे हे कासारांच्या आधी येतात, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी बसलाय. ऑफिसातल्या ताई वर्णमालेप्रमाणे ह नंतर ळ शोधतात आणि त्यांना खातं सापडत नाही. खर्चाच्या यादीत तर ॲडव्हान्स हे हमालीच्याही खाली, कारण ॲ चा क्रमांक सगळ्या व्यंजनांनंतरचा आहे. एका कुऱ्हाडे आडनावाची दोन खाती निघाली. युनिक (तेच नाव दुसऱ्यांदा घ्यायचं नाही हा नियम) लावलेलं असूनही दोन्ही स्वीकारली गेली, कारण एका फोननं ऱ हे एकच अक्षर पाठवलं होतं आणि दुसऱ्यानं र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून तोच आकार बनवला होता. डोळ्याला दोन्ही सारखेच. आता साठवण्याआधी प्रोग्राममध्ये सगळी नावं एका रूपात आणतो.

शोधाची गंमत नाही, अडचणच आहे. एफटीएस५ या एसक्यूलाइटच्या मजकूर-शोधाच्या सोयीचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) काना-मात्रा-वेलांटीला शब्दातलं अक्षर मानत नाही, तिथे शब्द तोडतो. काळे म्हणजे त्याच्या लेखी क आणि ळ. कोळी म्हणजेही क आणि ळ. म्हणून काळे शोधलं की कोळीही येतात. टोकनायझरला कॅटेगरीज देताना एमएन आणि एमसी हे दोन गट (युनिकोडमधली काना-मात्रांसारखी चिन्हं) जोडले की शब्द अखंड राहतात. हे मराठी, हिंदी वापरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी कळायला हवं.

यावरूनच माझ्या मागण्या. पहिली, नव्या फाइलसाठी एकच खटका हवा: सगळी टेबलं स्ट्रिक्ट, फॉरेन की (पावती ज्या खात्याची ते खातं असलंच पाहिजे असा नियम) चालू, आणि ते फाइलनं लक्षात ठेवावं. आज वॉल मोड फाइलमध्ये कायम राहतो, फॉरेन की मात्र प्रत्येक कनेक्शनला नव्याने चालू करावी लागते. एका ठिकाणी विसरलो आणि खातं काढल्यावर त्याच्या पावत्या अनाथ राहिल्या. जुन्या फाइली चालत राहाव्यात म्हणून कर्ते मूळ सवयी बदलत नाहीत, २०५० पर्यंत सांभाळण्याचं त्यांनी सांगितलंय, याचा मला आदर आहे. मी जुनं मोडा म्हणत नाही, नव्याला दार द्या म्हणतो.

दुसरी, भारतीय भाषांचा वर्णक्रम मूळ बांधणीत हवा. आयसीयू या भाषांचे वर्णक्रम जाणणाऱ्या लायब्ररीची जोड मिळते, पण ती स्वतः कंपाइल करून प्रत्येक मशीनवर न्यावी लागते. मी पायथनमध्ये स्वतःचा क्रम लिहिला, तर तीच फाइल दुसऱ्या साधनात उघडल्यावर असा क्रम माहीत नाही म्हणून क्वेरी अडते. तिसरी, फाइलला कुलूप. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक तिच्यात आहेत आणि पेनड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याला ते वाचता येतात. अधिकृत एन्क्रिप्शन विकत घ्यावं लागतं. सध्या मी बॅकअपची प्रत वेगळ्या प्रोग्रामनं कुलूपबंद करतो, चालू फाइल उघडीच आहे.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी नवी फाइल तयार ठेवतोय: वजन ग्रॅममध्ये, रक्कम पैशांत, दोन्ही पूर्णांकात, सगळी टेबलं स्ट्रिक्ट. परवा मुकादमाच्या फोनवरून मुद्दाम देवनागरीत ४१८ टाकून पाहिलं. फॉर्मनं ते संख्येत बदलून पाठवलं. मग फॉर्म बाजूला ठेवून तोच मजकूर थेट टेबलात घालायला गेलो, तेव्हा एरर आली.