घरपोच पॅलिएटिव्ह केअर : बाबांच्या अखेरच्या महिन्यांतील अनुभव

बाबांचा फुप्फुसाचा कर्करोग पाठीच्या मणक्यांत पसरल्यावर केमोथेरपीचा आता उपयोग होणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा आम्ही पुण्यातील एका संस्थेची घरपोच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातील वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर देणारी सेवा, सुरू केली. बाबा जाईपर्यंत काही महिने ती चालू होती. ज्यांच्या घरावर आज अशी वेळ आली आहे त्यांना उपयोग व्हावा आणि ज्यांनी बाबांचे सगळे केले त्यांचे ऋण लिहून ठेवावे, म्हणून हा अनुभव देत आहे.

सर्वांत मोठा फरक पडला तो मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाच्या गोळ्यांनी. हे नाव ऐकताच आमच्या नातेवाइकांनी ‘आता संपलेच’ असा अर्थ काढला होता. संस्थेच्या डॉक्टरांनी आईला समोर बसवून नीट समजावले, की गोळी अगदी कमी मात्रेपासून सुरू होते, दर चार तासांनी ठरलेल्या वेळीच द्यायची असते, दुखू लागण्याची वाट पाहायची नसते आणि बद्धकोष्ठ होतेच म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायचे असते. सुरुवातीचे काही दिवस बाबांना गुंगी होती. ती ओसरल्यावर मात्र कुशीवर वळताना कण्हणारा माणूस उशीला टेकून वर्तमानपत्र वाचू लागला. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे हे औषध मिळवणे फार किचकट झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी वाट सोपी केली. तरीही ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात सहसा मिळत नाही, त्यामुळे अशा संस्थेकडे नोंदणी लवकर करावी, हे मी कळकळीने सांगतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून भाड्याने घेतलेल्या एअर बेडबद्दल, म्हणजे हवेच्या गादीबद्दल, थोडेसे. त्यातील कप्पे आलटून पालटून फुगतात, पण म्हणून कूस बदलणे टळत नाही. दर दोन तासांनी वळवावेच लागते, आणि त्यावर जाड गादी घातली तर त्याचा गुण जातो.

पण उपकरणांपेक्षा माणसांविषयी लिहिणे अधिक गरजेचे आहे. सिस्टर आठवड्यातून ठरल्या दिवशी येत, आणि रक्तदाब पाहण्याआधी बाबांशी त्यांच्या शाळेतल्या दिवसांविषयी बोलत. धाप लागली, की त्या छोटा पंखा गालाच्या बाजूने चेहऱ्यावर धरायला सांगत. त्याने बाबांना खरोखर बरे वाटे. टाचेवर लाली दिसल्यावर आम्ही तेल चोळणार होतो. चोळल्याने आतली त्वचा दुखावते असे सांगून त्यांनी पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली. तिथे जखम कधी झालीच नाही.

दिवसपाळीला बाबांची शुश्रूषा करणाऱ्या मावशी अशी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोतून आल्या होत्या. स्पंज करताना त्या बाबांच्या अंगावर कायम चादर ठेवत आणि तेवढाच भाग उघडा करून पुसत. आयुष्यभर मास्तर म्हणून ताठ वागलेल्या माणसाची लाज त्यांनी शेवटपर्यंत जपली. बाबा जेवेनासे झाले, तेव्हा आई रडत पेज भरवू पाहत असे. ‘त्यांना आता नको आहे, आई, ओठ ओले करूया,’ असे म्हणून मावशींनी ओल्या कापसाने तोंड पुसायला तिला शिकवले. मुलगा म्हणून मला जे जमत नव्हते ते त्या रोज करत होत्या.

उणिवाही सांगायला हव्यात. संस्थेचा फोन रात्रीही लागे, पण माणूस सकाळीच येई. मध्यरात्रीची तगमग घरच्यांनाच सांभाळावी लागते. ब्युरोने मावशींच्या रजेत पाठवलेली बदली व्यक्ती अननुभवी होती. बदलीचे आधीच लेखी ठरवून घ्यावे.

बाबा पहाटे गेले. मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र डॉक्टरांनी घरी येऊन दिल्यामुळे महापालिकेच्या कागदपत्रांसाठी धावपळ झाली नाही. घरी मृत्यू होणार असेल तर हे कोण देणार, ते आधी विचारून ठेवा. उरलेल्या गोळ्या आम्ही संस्थेला परत केल्या. तेराव्यानंतरही सिस्टरांचा आईला फोन येतो, आणि त्या तिच्या झोपेची, जेवणाची चौकशी करतात. त्या सिस्टर, ते डॉक्टर आणि त्या मावशी यांच्यामुळे माझ्या वडिलांचे अखेरचे महिने वेदनेत गेले नाहीत. त्यांचे मी मनापासून आभार मानतो.