बाटलीबंद नायट्रिफायिंग बॅक्टेरिया (मरीन टँकसाठी): घ्या, पण आधी हवेची सोय करा

पाचपैकी साडेतीन तारे. नायट्रिफायिंग बॅक्टेरिया म्हणजे टाकीतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू. बाटलीतले जीवाणू खरोखर जिवंत होते आणि त्यांनी काम केलं, म्हणून साडेतीन. दीड तारा लेबलवरच्या दाव्यांमुळे गेला.

मी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात ऑपरेटर आहे. एरेशन टँक, ब्लोअर आणि अमोनियाचे रीडिंग हेच माझं रोजचं काम. म्हणून ‘एका दिवसात टँक माशांसाठी तयार’ असं छापलेली बाटली सरळ टाकीत ओतायला मन धजेना. आधी तीन बादल्या मांडल्या. तिन्हींत सारखंच समुद्री मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम, पाणी कोमट, प्रत्येकीत हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन आणि मूठभर सिरॅमिक रिंगा. अमोनियम क्लोराइड घालून तिन्हीकडे अमोनिया 2 पीपीएमवर (लिटरला साधारण 2 मिलिग्रॅम) आणला. पहिली बादली तशीच ठेवली. दुसरीत बाटलीतलं द्रावण घातलं, लेबलवर लिहिलं होतं तेवढंच. तिसरीत एका मित्राच्या जुन्या, स्थिरावलेल्या टाकीतला लाइव्ह रॉकचा, म्हणजे जीवाणूंची वस्ती असलेल्या सच्छिद्र समुद्री दगडाचा, तुकडा टाकला.

बाटलीच्या बादलीत अमोनिया आठवडाभरात शून्यावर आला. साध्या बादलीतला आकडा तोवर जागचा हलला नव्हता. आठवडा जास्त वाटेल, पण हे जीवाणू किती सावकाश वाढतात ते पाहिलं तर मला तो चांगला वाटतो. ई. कोलायसारखा जीवाणू चांगल्या परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. अमोनियावर जगणाऱ्यांना त्यासाठी अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस लागतो. ते बीजाणूही (कोरड्यात टिकणारं कवचबंद रूप) तयार करत नाहीत, त्यामुळे वाळवून पूड करून वर्षानुवर्षं ठेवता येत नाहीत. ‘सगळी घाण खाणारे’ म्हणून मिळणाऱ्या कोरड्या पुड्यांमध्ये बहुतेक वेळा बॅसिलस हा बीजाणू करणारा जीवाणू असतो. तो सेंद्रिय गाळ कुजवतो आणि त्यातून उलट अमोनियाच सुटतो. नवी टाकी लावणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवावा, कारण दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात.

नायट्राइट मात्र बराच रेंगाळला. अमोनियाचं नायट्राइट करणारे वेगळे आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे वेगळे, आणि या बाटलीत दुसरा गट कमजोर असावा असा माझा अंदाज आहे. खाऱ्या पाण्यात याचा धोका कमी असतो, कारण भरपूर क्लोराइडमुळे माशांच्या कल्ल्यांतून नायट्राइट फारसा आत शिरत नाही. अमोनियाचं तसं नाही. समुद्री टाकीचा पीएच 8.2 च्या आसपास असतो आणि तिथे विषारी, मुक्त अमोनियाचं प्रमाण पीएच 7 च्या पाण्यापेक्षा दहापटीहून जास्त असतं. एका दिवसाच्या भरवशावर मासे सोडणं म्हणूनच मला क्रूर वाटतं.

सगळ्यांत सरस ठरला तो दगड. दोन-तीन दिवसांत अमोनिया गेला, नायट्राइट जेमतेम दिसला. दगडावर आख्खी वस्तीच असते: वरच्या थरात ऑक्सिजन वापरणारे, आतल्या बिनऑक्सिजनच्या पोकळ्यांत नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे. हे दुसरं काम या बाटलीतले जीवाणू करत नाहीत. दगडाबरोबर एप्टेशिया (टाकीत झपाट्याने पसरणारं उपद्रवी सी-ॲनिमोन) किंवा नको असलेले किडे येऊ शकतात, तेवढी खातरजमा करून घ्या.

मग मी बाटलीच्या बादलीतला एअरपंप रात्रभर बंद ठेवला. सकाळी पाहते तर नव्याने घातलेला अमोनिया जवळपास तसाच. आम्हा प्लँटवाल्यांना हा हिशोब पाठ असतो: 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 4.6 ग्रॅम ऑक्सिजन आणि सुमारे 7 ग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषून पीएच टिकवण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) खर्च होते. लेबलवर ऑक्सिजनबद्दल एक ओळ नाही, अल्कलिनिटीचं तर नावही नाही. माझी खरी तक्रार हीच आहे. जीवाणू विकायचे आणि ते कशावर जगतात ते सांगायचं नाही!

मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट तेलगळतीत दिसली आहे. 1989 मध्ये ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर सुमारे 4 कोटी लिटर कच्चं तेल सांडलं. तिथल्या किनाऱ्यांवर नायट्रोजन-फॉस्फरसची खतं मारली, कारण तेल खाणारे जीवाणू तिथे आधीपासून होते. तेलातून कार्बन भरपूर मिळत होता, कमतरता इतर पोषणाची होती. पुढच्या वर्षी बाहेरून आणलेल्या जीवाणूंची तयार उत्पादनंही तपासली गेली, पण त्यांचा ठळक फायदा दिसला नाही. अल्कानिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस हा जीवाणू, ज्याचं वर्णन 1998 मध्ये झालं, स्वच्छ समुद्रात अगदी तुरळक असतो आणि तेल पसरलं की झपाट्याने वाढतो. समुद्राच्या एका मिलिलीटर पाण्यात साधारण 10 लाख जीवाणू असतात. योग्य जीव बहुधा तिथे असतोच, त्याला जगता येईल असं पाहावं लागतं. नव्या टाकीत मात्र निर्जंतुक मीठ आणि नळाचं पाणी, म्हणून तिथे बाटलीला अर्थ आहे.

लेबलवर जीवाणूंची नावं नाहीत, हेही खटकलं. 2005 मध्ये अमोनियावर जगणारा पहिला आर्किया (जीवाणूंसारखा, पण वेगळ्या गटातला एकपेशीय जीव), नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, सिएटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून वेगळा केला गेला. त्याआधी हे काम जीवाणूंचंच समजलं जायचं. मत्स्यालयाच्या टाकीतून एवढी माहिती निघू शकते, तर विकणाऱ्याने बाटलीत काय आहे एवढं तरी छापावं. ‘पाणी बदलायची गरज नाही’ हा दावा सरळ खोटा आहे. नायट्रेट साचत राहतं आणि ते काढावंच लागतं.

ज्यांना ओळखीच्या टाकीतला दगड मिळत नाही त्यांनी बाटली जरूर घ्यावी. खाऱ्या पाण्यासाठी वाढवलेलीच मागा, गोड्या पाण्यातले जीवाणू एकदम खाऱ्यात ओतले तर कामाला लागत नाहीत. उत्पादनाची तारीख पाहा, उन्हात ठेवलेली घेऊ नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा. पहिले काही दिवस जंतू मारणारा यूव्ही दिवा आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) बंद, एअरपंप चालू. 2 पीपीएम अमोनिया घालून दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की मासे आणायला हरकत नाही.