‘आबोल ताबोल’ की ‘हजबरल’: सुकुमार राय कोठून वाचायला घ्यावेत?

बंगाली विनोदी लेखक आणि कवी सुकुमार राय यांचे एकच पुस्तक आधी घ्यायचे असेल, तर निवड बहुधा ‘आबोल ताबोल’ हा कवितासंग्रह आणि ‘हजबरल’ ही गद्यकथा यांत करावी लागते. दोन्हींतील चित्रे त्यांचीच असून, वडील उपेंद्रकिशोर यांनी १९१३ मध्ये सुरू केलेल्या ‘संदेश’ मासिकाशी दोन्हींचे नाते आहे. तरीही मराठी वाचकाने आधी ‘हजबरल’ घ्यावे, असे मला ठामपणे वाटते.

कारण भाषेचे आहे. ‘आबोल ताबोल’मधल्या ‘खिचुडी’ या कवितेत हाँस म्हणजे बदक आणि सजारू म्हणजे साळिंदर एकत्र येऊन ‘हाँसजारू’ होतो. पहिल्या शब्दाचा शेवटचा ‘स’ हाच दुसऱ्याचा पहिला ‘स’ असल्यामुळे सांधा कळतही नाही, आणि कवी मात्र कंसात सांगतो की आपण व्याकरण मानत नाही! बदक आणि साळिंदर यांचा असा सांधा मराठीत जुळत नाही. अनुवादक कितीही कुशल असला तरी प्राणी उरतो, शब्दाची गंमत जाते.

‘हजबरल’चे नावही य, र, ल, व, ह ही अक्षरे उलटसुलट करून, बंगाली उच्चाराने घडले आहे, पण कथेतला विनोद मुख्यतः प्रसंगांत आहे. उकाड्यात झाडाखाली पडलेल्या मुलाचा रुमाल मांजर होतो. पुढे पाटीवर हिशेब करणारा काकेश्वर कावळा सात दुणे चौदाचे चार मांडतो आणि म्हणतो, हाती राहिली पेन्सिल. ‘हातचा एक’ म्हणत बेरीज शिकलेल्या मराठी मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. याच कथेत चाळिशी आली की वय उलटे फिरवून घेण्याची सोय आहे. लेखक स्वतः मात्र १० सप्टेंबर १९२३ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, काळ्या आजाराने गेले. ‘आबोल ताबोल’ त्यानंतर नऊ दिवसांनी प्रसिद्ध झाले. संग्रहाच्या शेवटच्या कवितेत झोप दाटून येते आणि गाणे संपते, हे मनात ठेवून ती वाचताना माझा आवाज दर वेळी खाली येतो.

म्हणूनच मोठ्या वाचकाने ‘आबोल ताबोल’ टाळू नये, फक्त ते आधी कानांनी घ्यावे. बंगाली येत नसेल, तर एखाद्या बंगाली स्नेह्याकडून ‘खिचुडी’ मोठ्याने वाचून घ्यावी आणि मग पुस्तक विकत आणावे.